कोठीतला टेकू

चुन्याचा वास तीस वर्षं टिकतो असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण परवा आटपाडीच्या पुढं मुलींच्या त्या वसतिगृहाच्या दारात उभी राहिले आणि तोच वास आला. भिजलेला चुना, गूळ, हिरड्याचं पाणी. त्याच्यावर आता खोबरेल तेलाचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा, ज्वारीच्या पोत्यांचा वास चढलाय, पण तळाला तो आहेच. वॉर्डन सुनंदा म्हणाली, या की मॅडम आत. मी म्हटलं, आले, जरा चष्मा पुसते. चष्म्याला काहीही झालं नव्हतं.

सुनंदा ही बिरामामांची नात. मी गाडीतून उतरता उतरताच तिनं ते सांगितलं. बिरामामा म्हणजे ज्यांनी हे छत बांधलं ते मिस्त्री. त्यांना जाऊन दहा-बारा वर्षं झाली. संस्थेनं मला बोलावलं होतं ते ह्याच छताचा दाखला द्यायला. विटांचं कमानी छत, मध्ये ना खांब ना तुळई, आणि एका टोकाला बुजवलेली भेग. नव्या पदाधिकाऱ्यांना त्या भेगेची धास्ती वाटते. कुपवाडला माझं लहानसं ऑफिस आहे, कारखान्यांच्या शेडची डिझाइनं करते, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. हे छत कागदावर मीच काढलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही फोनवर बोलले नाही. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

तेव्हा मी सव्वीसची होते. सांगलीतून डिप्लोमा केलेला, घरी स्थळं बघणं चाललेलं, आणि मी साताऱ्याला मावशीकडं राहून एका जर्मन आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढत होते. आई म्हणायची, आपल्याकडचे आर्किटेक्ट संपले काय, म्हणून तुला जर्मन लागतो? मला तरी कुठं ठाऊक होतं की लागतो. जाहिरात बघून गेले होते, आणि राहिले.

ऑफिस म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला भाड्याच्या दोन खोल्या. नकाशांच्या अमोनिया प्रिंटचा वास इतका उग्र की डोळ्यांतून पाणी यायचं. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर वाळत घातलेल्या पापडासारखा कडेनं वळायचा. चुकलेली रेघ ब्लेडनं हलकेच खरवडायची, मग नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा. ती खरखर अजून माझ्या कानात आहे. पलीकडच्या टेबलावर रायनर सर उभ्यानं काम करत. बसून काढलेली रेघ आळशी असते, असं त्यांचं ठाम मत.

सरांचं मराठी वाईच्या एका निवृत्त मास्तरांकडून शिकलेलं, त्यामुळं अगदी पुस्तकी. दूधवाल्याला सांगायचे, काल मला ज्वर होता. तो बिचारा माझ्याकडं बघायचा. सगळ्यांना अहो-जाहो, दारातल्या मांजरालासुद्धा: आपण जरा बाजूला व्हा. मला मात्र दुसऱ्या वर्षी एक दिवस एकदम 'तू' म्हणाले. त्या संध्याकाळी मी राजवाड्याजवळ थांबून पावशेर कंदी पेढे घेतले. कसले पेढे, ते मावशीला काही केल्या सांगता येईना.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं. पेन्सिलीला टोक काढताना ते बोलत, टोक झालं की गप्प. त्यांच्या जन्मगावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. लढाईत त्या गावावर बॉम्ब पडले तेव्हा ते सात वर्षांचे होते. आई त्यांना घेऊन तळघरात बसली. त्यांच्या तळघराला विटांची कमान होती, शेजाऱ्यांच्या तळघराला लाकडी तुळया. वरचं घर पडलं, कमान राहिली. शेजारचं कुणी वर आलं नाही. एवढं सांगून ते पुन्हा रेघा मारायला लागले. लढाई संपल्यावर त्यांची आई ढिगाऱ्यातल्या विटा हातोडीनं साफ करायच्या कामावर होती. दिवसभर टक टक टक. म्हणून विटांचा ढीग दिसला की सर एक वीट उचलणार, नखानं वाजवणार, कानाशी धरणार. कच्ची भाजलेली निघाली तर न बोलता बाजूला ठेवायचे.

मग गवंड्याकडं उमेदवारी, मग कॉलेज, मग मोठ्या कंपनीत बारा-बारा मजल्यांच्या इमारती. बक्षिसं मिळाली. त्या इमारतींना ते 'पेट्या' म्हणत, आणि त्यांचे फोटो बघायला मागितले की विषय बदलत. मध्येच ओडिशातल्या पोलाद कारखान्याची वसाहत बांधायला भारतात आले, परत गेले. तिकडं बायको वारली. पुन्हा आले. एकदा वाईला घाट बघायला म्हणून उतरले ते साताऱ्याच्या पुढं गेलेच नाहीत. कोरेगावला एक दवाखाना, खंडाळ्याला एका निवृत्त सुभेदारांचं घर, अशी लहान लहान कामं त्यांनी केली, सगळी विटांची आणि कमानींची. त्यांच्या मनासारखं मोठं काम एकच मिळालं, हे वसतिगृह. ते मिळालं त्या दिवशी त्यांनी ऑफिसला सुट्टी दिली आणि एकटेच किल्ल्यावर जाऊन बसले.

आणि ते वर्ष नेमकं किल्लारीच्या भूकंपानंतरचं. कोयनेच्या धक्क्यांना सरावलेली आमची माणसं, पण किल्लारीनं सगळ्यांचा धीर सुटला होता. फळीवरचं भांडं वाजलं तरी लोक अंगणात पळत. विटांचं छत म्हणजे मरण, असं चहाच्या टपरीवर कुणीही सांगायचा. संस्थेचे अध्यक्ष आबा सांगलीचे, भला माणूस, पण त्यांची झोप उडाली होती. वसतिगृहात यायच्या होत्या त्या मेंढपाळांच्या पोरी. आईबाप मेंढरं घेऊन कोकणात उतरणार आणि पोरींना शाळेसाठी मागं ठेवणार. चाळीस जणींची नावं भिंती उभ्या राहायच्या आधीच लिहिली गेली होती. आबांनी सरांना अट घातली: विटा पेलून धरणारा खालचा लाकडी साचा काढल्यावर केसाएवढी भेग दिसली, तरी छत उतरवायचं आणि पत्रे टाकायचे. सरांनी लगेच मान्य केलं. चाळीस पोरींपुढं माझ्या छताचं काय, म्हणाले.

तो उन्हाळा मात्र सोन्यासारखा होता. चुन्याच्या घाणीभोवती बैल फिरायचा, दगडी चाक कुरकुरायचं. चुन्यात घालायला हिरडा भिजवलेल्या पिंपाशी गेलं की जिभेला तुरट चव यायची. विटा पाण्यात टाकल्या की सुस्कारा सोडायच्या, आणि वाळलेल्या पोत्यांवर सांडलेल्या गुळाला मुंग्या लागायच्या. बिरामामा लाल मुंडासं बांधून बांबूच्या उंच पाडावर बसायचे. घरात तीन पिढ्या मेंढरं, दुष्काळात कळप गेला तेव्हा वडिलांनी हातात थापी घेतली. पहिल्याच दिवशी सरांना वीट वाजवताना बघून मामा मला म्हणाले होते, ह्यो मानूस हाताचा हाय. सरांचं पुस्तकी मराठी आणि मामांची माणदेशी, दोघांना एकमेकांचं निम्मं कळत नसेल. पण दुपारी कांदा-भाकरी खाताना दोघं शेजारी बसून वर बघत राहायचे, आणि त्यांना बोलायची गरजच पडायची नाही. मी मधूनमधून उगाच बोलायचे.

जसजसं छत जुळत आलं तसतशी मला भीती वाटायला लागली. गणित सरांचं, पण कागदावरची प्रत्येक रेघ माझी. एखादा आकडा उतरवताना मी चुकले असले तर? झोपेत मला किल्लारीचे वर्तमानपत्रातले फोटो दिसायचे आणि त्यात आमच्या पोरी असायच्या.

साचा काढायचा दिवस उजाडला. साच्याखाली बहात्तर टेकू होते, प्रत्येकावर खडूनं नंबर, प्रत्येकाच्या बुडाशी लाकडी पाचर. सरांनी सगळ्यांना आठवडाभर पढवलं होतं. शिट्टी वाजली की प्रत्येक पाचरीवर एकच ठोका, सगळीकडं सारखा. विटांची कमान सुटली की सूतभर खाली बसते, तिला एकदम बसू द्यायचं. एका जागी आधार राहिला तर तेवढी जागा बसत नाही, आणि तिथंच ती चिरते. हे कारण त्यांनी फक्त मला, वहीत काढून सांगितलं होतं. ते स्वतः मधोमध उभे राहिले, डोक्यावर हॅटसुद्धा नाही. टोकाला धान्याची कोठी होती. तिची आडभिंत छताला भिडत नव्हती, वरून तेच छत पुढं गेलेलं. कोठीतले आठ टेकू माझ्या आणि मामांच्या वाट्याला आले.

सात निघाले. आठव्याला मामांनी हात लावला आणि तसेच थांबले.

"ताई, ह्यो ऱ्हाऊ द्या," ते हळूच म्हणाले. "नवं छत म्हंजी बाळंतीन. सव्वा म्हैना तिला येकटं टाकत न्हाईत. आमच्यात एक टेकू ठेवत्यात, मग वटी भरून काढत्यात. साहेबास्नी सांगू नगा, त्यास्नी वाईट वाटंल."

सिमेंटच्या स्लॅबखाली एक टेकू राहिला तर काही बिघडत नाही. कमानीखाली बिघडतं, हे मला माहीत होतं. मामांना माहीत नव्हतं. मी त्यांना सांगायचं होतं. पण खरं सांगू? त्या क्षणी मला सरांच्या गणितापेक्षा त्या बाभळीच्या टेकूचा जास्त आधार वाटला. मी यादीत आठव्या नंबरापुढं बरोबरची खूण केली, मामांनी टेकूपुढं चुन्याची पोती रचली आणि मी कोठीला कुलूप लावलं. सरांनी बाहेरून विचारलं, कोठीतले सगळे निघाले? मी म्हटलं, हो सर. छत उभं होतं. बायकांनी गुलाल उधळला. सर लहान मुलासारखे हसत होते, आणि मला गुलालानं शिंका येत होत्या.

नवव्या दिवशी आबांचा फोन आला. कोठीच्या वर भेग पडली होती आणि ती हॉलमध्ये हातभर आली होती.

त्यानंतरचे चार दिवस मी कधी विसरणार नाही. सरांनी सगळे कागद काढले आणि पहिल्या आकड्यापासून गणित पुन्हा मांडलं. डब्यातल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून झाली, तरी ते एक शब्द बोलले नाहीत. पाव तसाच वाळून गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवले. म्हणाले, तू बघ, मला माझी चूक दिसत नाही. मी तीनदा तपासलं. कुठंही चूक नव्हती. चूक कुठं होती ते मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पण सांगावं तर मामांना पुन्हा कुणी काम देणार नाही, आणि माझं काय होईल ते वेगळंच. मी म्हटलं, कुठंतरी चुकलं असेल, सर. त्यांनी मान हलवली. जणू एवढंच ऐकायचं बाकी होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी आबांना पत्र लिहिलं. माझ्या गणनेत दोष आहे, कृपया छत उतरवावे. ते माझ्याकडं देऊन म्हणाले, शुद्धलेखन बघ. मी बघितलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. आबा आणि मंडळी अकराला साइटवर येणार होती, घण घेऊन माणसंही सांगितली होती. खिडकीची काच थडथडत होती, पुढच्या बाकावर कुणीतरी कोथिंबिरीचं गाठोडं ठेवलं होतं. कोरेगावला गाडी सरांनी बांधलेल्या दवाखान्यावरून जाते. दर वेळी ते मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघायचे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले. पुसेगाव मागं पडलं. दहिवडीच्या स्टँडवर गाडी थांबली, चहा घेतला. तेव्हा मी सांगितलं. सगळं, कुलपासकट.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तुम्हाला हे कधी कळलं?"

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी. ते उठून गाडीत जाऊन बसले. पुढचे दोन तास ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मी त्यांच्या 'तुम्हाला'वर अडकून बसले होते.

साइटवर आबा ताटकळत उभे होते. घणवाले सावलीला विड्या ओढत होते. सरांनी खिशातल्या पत्राला हात लावला नाही. ते सरळ बिरामामांकडं गेले आणि आपण कोठीत एक टेकू ठेवलात का, असं विचारलं. मामांचा चेहरा उतरला. भेग बघून तेही चार दिवस जेवले नव्हते, पण त्यांना वाटत होतं की तो टेकू आहे म्हणूनच छत अजून वर आहे. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळंतीण बरी आहे, मामा. आता तिला उठवू या."

सव्वा महिना झाला नाही, मामा पुटपुटले. सर म्हणाले, मग ओटी आज भरा. मी कोठीचं कुलूप काढलं, पोती बाजूला झाली, आणि बायकांनी टेकूच्या बुडाशी तांदूळ, नारळ आणि खण ठेवला. आबा कळवळून म्हणत होते, साहेब, आत जाऊ नका, भेग पडलीय. सरांनी सगळ्यांना लांब जायला सांगितलं. मग वळून मामांना हाक मारली. मामा आत गेले. मी दारापाशीच होते, दोन पावलांवर. मला हाक मारली नाही.

आतून एक ठोका ऐकू आला. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही, नुसता वरून बारीक चुना झरल्याचा आवाज. आबांनी डोळे गच्च मिटले होते. तिसरा ठोका, आणि धाडदिशी काहीतरी पडलं. कोठीच्या दारातून पांढरी धूळ बाहेर आली. मग मामांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून सरांचा. दोघं पिठाच्या गिरणीतून यावेत तसे बाहेर आले. भेग निम्मी मिटली होती.

आबांनी विचारलं, साहेब, झालं काय नेमकं? सर सगळ्यांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "माझं गणित ह्या टोकाला चुकलं होतं. मिस्त्रींच्या टेकूनं सांभाळलं. आता भीती नाही."

मामा सगळ्यांदेखत रडायला लागले. लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. घणवाले परत गेले. मी पुढं झाले, आणि सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरले.

परतीच्या एसटीची वाट बघताना ते एवढंच बोलले. "मामांचं नाव तुम्ही कधीही कुणापुढं काढायचं नाही. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

मी तसा शब्द दिला, आणि महिनाअखेरीला काम सोडलं. त्यांनी चांगला दाखला लिहून दिला, अत्यंत सभ्य भाषेत. माझा कुठंही उणा उल्लेख नाही. मला वाटतं, ते ओरडले असते तर मी रडून मोकळी तरी झाले असते. छत राहिलं, पोरी राहायला आल्या, पण ज्याचं गणित चुकतं त्या जर्मनाला पुन्हा कुणी काम दिलं नाही. दोन-तीन वर्षांनी ते साताऱ्याच्या खोल्या सोडून परत गेले. मी दोन पत्रं पाठवली. पुढं केव्हातरी वाईच्या ओळखीतून कळलं की ते गेले. त्या दिवशी घरी पाहुणे होते, मी पुरणपोळ्या लाटत होते, आणि लाटतच राहिले.

परवा मी ते छत टोकापासून टोकापर्यंत बघितलं. शिडी लावून विटा वाजवल्या. तीस वर्षांत सूतभरही हललेलं नाही. खालच्या कॉटवर दोन पोरी पाढे म्हणत होत्या, त्यांनी वरही बघितलं नाही. मी तिथंच बसून दाखला लिहिला, सही केली. सुनंदानं चहा आणला. तिनं वर भेगेकडं बोट दाखवलं आणि अभिमानानं सांगायला लागली. ती स्वतः पहिल्या चाळीस पोरींमधली. साहेबाचं गणित चुकलं होतं, आजोबांनी टेकू ठेवला म्हणून आम्ही जगलो, गावात सगळ्यांना ठाऊक आहे, येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला ती हे सांगते.

मी कप खाली ठेवला. तिच्या आजोबांबद्दल मी काही बोलणार नव्हते, तो शब्द मी दिलेला होता.

"गणित बरोबर होतं," मी म्हटलं. "मी तीनदा तपासलं होतं."

सुनंदानं पुन्हा वर भेगेकडं बघितलं. "मग भेग कशानं पडली, मॅडम?"

"मी भ्याले, त्यानं."